अपवाद-निवारण, आज्ञावलीच्या प्रवेशबिंदूवरील

संगणकाची आज्ञावली चालू असताना तिच्या नेहमीच्या मार्गात न बसणारी परिस्थिती उद्भवली, तर तिला संगणकशास्त्रात ‘अपवाद’ म्हणतात. शून्याने भागण्याचा प्रयत्न, हवी असलेली फाइल जागेवर नसणे, स्मृती संपणे, दूरच्या संगणकाशी असलेला संपर्क तुटणे ही अपवादांची नेहमी आढळणारी उदाहरणे होत. अपवाद जेथे उद्भवतो तेथेच त्याचे निवारण झाले नाही, तर तो त्या उप-आज्ञावलीला पाचारण करणाऱ्या उप-आज्ञावलीकडे जातो. तेथेही तजवीज नसेल, तर तो आणखी वरच्या पायरीकडे जातो. असे करीत करीत तो अखेर आज्ञावलीच्या प्रवेशबिंदूपाशी, म्हणजे जेथून तिचे कार्य सुरू झाले त्या स्थानापाशी, येऊन पोहोचतो. येथवर कोणीही न अडविलेल्या अपवादाला ‘अनिवारित अपवाद’ म्हणतात. अशा अपवादाचे शेवटच्या पायरीवर काय करावे, हा या नोंदीचा विषय आहे. हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवलेले नसेल किंवा ते चुकीचे ठरविलेले असेल, तर परिणाम किती गंभीर होऊ शकतात हे पुढे दिलेल्या उदाहरणांवरून दिसून येईल.

प्रवेशबिंदू : सी व तिच्यापासून निघालेल्या बहुतेक भाषांमध्ये ‘मेन’ या नावाची उप-आज्ञावली हा प्रवेशबिंदू होय. नवशिक्यांची अशी समजूत असते की, आज्ञावलीचा आरंभ येथेच होतो. वस्तुतः परिचालन प्रणाली प्रथम भाषेसोबत येणारा एक लहानसा प्रारंभिक भाग चालू करते. तो स्मृतीची मांडामांड करतो आणि मग ‘मेन’ला पाचारण करतो. ‘मेन’चे कार्य संपल्यावर नियंत्रण पुन्हा त्याच भागाकडे येते आणि तो एक पूर्णांक परिचालन प्रणालीच्या हवाली करतो. या पूर्णांकाला समाप्ति-संकेतांक म्हणतात. युनिक्स प्रणालीच्या प्रघातानुसार ० म्हणजे कार्य यशस्वी झाले आणि इतर कोणताही अंक म्हणजे ते फसले. म्हणजेच ‘मेन’च्याही बाहेर एक कवच असते आणि आज्ञावलीच्या लेखकाने काहीच व्यवस्था केली नसली, तरी अनिवारित अपवादाचा निर्णय ते कवच आपल्या पद्धतीने करते. निर्णय घ्यावयाचा की नाही, असा पर्याय लेखकापुढे नसतो. तो स्वतः घ्यावयाचा की भाषेवर सोडावयाचा, एवढाच पर्याय असतो.

इतिहास : केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. त्यावर आज्ञावली मध्येच थांबली, तर स्मृतीत त्या क्षणी काय होते हे छापून देणाऱ्या आज्ञावल्या वापरीत असत. त्यांना ‘शवविच्छेदन’ या अर्थाचे नाव मिळाले होते आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये त्या पद्धतीचे विवेचन केले. युनिव्हॅक-१ या संगणकात बेरजेचे उत्तर ठरलेल्या जागेत मावले नाही, तर नियंत्रण आपोआप स्मृतीच्या शून्य क्रमांकाच्या स्थानाकडे जाई व तेथे लिहून ठेवलेल्या आज्ञा पाळल्या जात. यंत्राने स्वतःहून अपवाद ओळखण्याच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी हे एक होय.

भाषेतच अपवादाची सोय करण्याचा मोठा प्रयत्न १९६० नंतरच्या दशकात पीएल/वन या भाषेत झाला. १९७२ मध्ये मॅकलिस्प या भाषेत ‘फेकणे’ आणि ‘झेलणे’ या अर्थांचे शब्द आले. पुढील बहुतेक भाषांनी तेच उचलले. जॉन गुडइनफ यांनी १९७५ मध्ये या विषयाची पहिली पद्धतशीर मांडणी केली. बार्बरा लिस्कॉव्ह आणि अ‍ॅलन स्नायडर यांनी क्लू या भाषेसाठी जी योजना आखली (१९७९), तीत अपवाद उद्भवलेल्या ठिकाणी नियंत्रण पुन्हा परत येत नाही, हे तत्त्व स्वीकारले होते. आज प्रचलित असलेल्या बहुतेक भाषा या तत्त्वावर चालतात. क्लूमधील आणखी एक बारकावा मात्र मागे पडला, याची खंत वाटते. त्या भाषेत न झेललेला अपवाद मूळ रूपात वर जात नसे. त्याचे रूपांतर ‘अपयश’ या एकाच सर्वसामान्य अपवादात होई. त्यामुळे खालच्या पायरीवरील अंतर्गत तपशील वरच्या पायऱ्यांवर झिरपत नसे.

कार्यपद्धती : पाचारण केलेल्या उप-आज्ञावल्यांची माहिती स्मृतीत एकीवर एक अशी रचून ठेवलेली असते, या रचनेला चळत म्हणतात. अपवाद वर चढू लागला की चळतीतील एकेक थर काढून टाकला जातो आणि जाता जाता उघडलेल्या फाइली मिटणे, घेतलेली कुलुपे सोडणे, तात्पुरत्या नोंदी पुसणे ही कामे उरकली जातात. याला चळत उलगडणे असे म्हणता येईल. अपवाद प्रवेशबिंदूशी आल्यावर भाषापरत्वे निरनिराळे वर्तन आढळते. जावा आणि पायथन या भाषा चळतीचा माग, म्हणजे कोणत्या ओळीवरून कोणती उप-आज्ञावली पाचारली गेली याची यादी, दोष-संदेशांच्या मार्गावर छापतात. पायथनमध्ये अशा वेळी समाप्ति-संकेतांक १ असतो, गो भाषेत २ आणि रस्ट भाषेत १०१.

सी++ भाषेतील स्थिती अधिक विचार करावयास लावणारी आहे. त्या भाषेच्या मानकानुसार अपवाद झेलणारे कोणीच नसेल, तर आज्ञावली तत्काळ संपुष्टात येते. मात्र त्यापूर्वी चळत उलगडावयाची की नाही, हे त्या त्या भाषांतरकावर सोडलेले आहे. न उलगडल्यास मिटावयाच्या फाइली तशाच राहतात आणि लिहावयाचा मजकूर अर्धवट राहू शकतो. म्हणून पुष्कळ लेखक ‘मेन’चा सर्व भाग एका सर्वग्राही निवारकात गुंडाळतात, मग चळत निश्चितपणे उलगडते. पण यात तोटाही आहे. चळत उलगडली की दोष ज्या ठिकाणी घडला तेथील पुरावाही नाहीसा होतो आणि मागे राहिलेल्या स्मृतीच्या प्रतीत केवळ ‘मेन’च दिसतो. (या प्रतीला ‘कोअर डंप’ म्हणण्याचा प्रघात आहे, एकेकाळी स्मृती चुंबकीय कड्यांची असे, त्या कड्यांचे नाव तेवढे टिकून आहे.) घर आवरावे की पंचनाम्यासाठी तसेच ठेवावे, असा हा पेच होय. ज्या आज्ञावलीच्या हाती लोकांचा विदा आहे तिने आवरावे आणि जी अजून घडवली जात आहे तिने पुरावा राखावा, हे सर्वसाधारणपणे योग्य दिसते. जावा किंवा पायथनमध्ये हा पेच तितकासा तीव्र नसतो, कारण चळतीचा माग अपवादाबरोबरच वर येतो.

एरियान-५ चे पहिले उड्डाण : यूरोपीय अवकाश संस्थेच्या एरियान-५ या नव्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून झाले. पृथ्वीच्या चुंबकावरणाचा अभ्यास करण्यासाठी तयार केलेले ‘क्लस्टर’ मालिकेतील चार उपग्रह त्यावर होते. उड्डाणक्रम सुरू झाल्यानंतर सुमारे ४० सेकंदांनी, सुमारे ३,७०० मी. उंचीवर असताना अग्निबाणाने अचानक दिशा बदलली, तो मोडला आणि त्याचा स्फोट झाला. फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लियॉन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी अहवाल दिला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा अहवाल मुळातून वाचण्याजोगा आहे.

अग्निबाणाची दिशा व गती सांगण्यासाठी त्यावर निरूढी संदर्भ प्रणालीचे दोन सारखे संच होते : एक चालू आणि दुसरा राखीव. घूर्णी व प्रवेगमापक यांच्या साहाय्याने काढलेली माहिती हे संच मुख्य संगणकाला पुरवीत. त्यांची आज्ञावली एडा या भाषेत लिहिलेली होती व ती एरियान-४ वरून जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती. तिच्यात क्षैतिज वेगाशी निगडित असलेली एक ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात बदलली जाई. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान-५ च्या मार्गात उड्डाणाच्या आरंभी क्षैतिज वेग एरियान-४ च्या तुलनेने सुमारे पाचपट होता. त्यामुळे संख्या मावली नाही आणि अपवाद उद्भवला.

अशा प्रकारे धोक्यात येऊ शकणाऱ्या सात संख्या आज्ञावलीच्या लेखकांनी आधीच शोधून काढल्या होत्या. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते व तीन उघड्या ठेवल्या होत्या. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन होते आणि या तीन संख्या भौतिक दृष्ट्या मर्यादेतच राहतील किंवा त्यांना भरपूर वाव आहे, असे मानले गेले होते. एरियान-४ साठी ते खरेही होते. म्हणजे येथे घडला तो निव्वळ निष्काळजीपणा नव्हे; एका यंत्रासाठी विचारपूर्वक घेतलेला निर्णय पुन्हा न तपासता दुसऱ्या यंत्राला लागू झाला.

खरा बोध पुढे आहे. अपवाद उद्भवला तरी तेवढ्याने अग्निबाण पडण्याचे कारण नव्हते. तो ज्या भागात उद्भवला तो भाग उड्डाणापूर्वी संच जुळवून घेण्यासाठी होता. उलटगणती मध्येच थांबल्यास ती लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून एरियानच्या जुन्या प्रकारांमध्ये तो उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवीत. एरियान-५ ला त्याची गरज नव्हती, तरीही तो उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंद चालू राहत असे. जागच्या जागी कोणी न झेललेला अपवाद वर आला आणि सर्वांत बाहेरच्या पायरीवर जे ठरविले होते ते काटेकोरपणे पाळले गेले : दोष झाल्याचे विदावाहिनीवर कळवावे, दोषाचा तपशील कायम स्मृतीत नोंदवावा आणि संच बंद करावा. यंत्राचा एखादा भाग अकस्मात बिघडला असता हे धोरण अगदी योग्य ठरले असते, कारण दुसरा संच काम पुढे चालवू शकला असता. परंतु येथे दोष आज्ञावलीत होता आणि दोन्ही संचांत तीच आज्ञावली होती. राखीव संच ७२ सहस्रांश सेकंद आधी याच कारणाने बंद पडला होता. चालू संचाने बंद होताना पाठविलेला निदानाचा मजकूर मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला. मार्गच्युती झाली असे समजून त्याने एंजिनांच्या प्रोथांना (तोट्यांना) टोकापर्यंत वळविले. हवेच्या झोताशी २० अंशांहून अधिक कोन झाल्यामुळे अग्निबाणावर असह्य भार येऊन तो मोडू लागला आणि त्याची स्वयंविनाश यंत्रणा कार्यान्वित झाली.

यांत्रिक बिघाड तेवढे गृहीत धरून आज्ञावली मात्र निर्दोष मानण्याच्या वृत्तीवर मंडळाने बोट ठेवले. कोणत्याही संवेदकाने माहिती पुरविणे थांबवू नये, होईल तितकी चांगली माहिती देत राहावे, अशी शिफारसही त्याने केली. अवशेषांतून मिळालेल्या संचाच्या कायम स्मृतीत दोषाचा तपशील शाबूत होता आणि त्याच्याच आधारे कारण इतक्या लवकर उलगडले, हेही येथे सांगितले पाहिजे. शेवटच्या पायरीवरील निवारकाच्या तीन कामांपैकी नोंदीचे काम उत्तम साधले. घातक ठरला तो बंद करण्याचा निर्णय. क्लस्टर उपग्रह नव्याने बनवून जुलै व ऑगस्ट २००० मध्ये बैकानूर येथून सोयूझ अग्निबाणांनी सोडण्यात आले.

अपोलो-११ : याच प्रश्नाचे वेगळे उत्तर २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना मिळाले होते. चांद्रयानाच्या मार्गदर्शक संगणकाला एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे सर्व कामे वेळेत उरकेनात. नव्या कामासाठी स्मृतीत जागा उरली नाही आणि १२०२ व १२०१ या क्रमांकांचे इशारे झळकू लागले. मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये या संगणकाची आज्ञावली तयार झाली होती. तिच्या रचनेत अशा वेळी सर्व कामे रद्द करून केवळ महत्त्वाची कामे त्यांच्या आधी नोंदविलेल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करण्याची तरतूद होती. संगणकाने त्याप्रमाणे इशारा दिला, पसारा आवरला आणि यान उतरविण्याचे काम चालू ठेवले. एरियानच्या संचापुढे ‘थांबा’ एवढाच मार्ग होता. अपोलोच्या संगणकाला काय टाकून द्यावयाचे व काय राखावयाचे हे सांगून ठेवलेले होते.

निवारकाची कामे : सामान्य आज्ञावलीत प्रवेशबिंदूवरील निवारकाकडून फार अपेक्षा करू नयेत. येथवर आलेल्या अपवादाचा अर्थ एवढाच की, त्याच्यावर काय उपाय करावा हे आतील कोणालाही ठाऊक नव्हते; बाहेरच्याला तर ते त्याहून कमी ठाऊक असते. म्हणून दुरुस्ती करून पुढे जाण्याचा प्रयत्न येथे बहुधा अनिष्ट होय. बेसिक भाषेच्या काही प्रकारांत दोष आला तरी पुढची आज्ञा पाळावी अशी सोय होती. तिचा मनसोक्त वापर केलेल्या आज्ञावल्या कधी थांबत नसत, पण त्यांच्या उत्तरांवर विश्वासही ठेवता येत नसे. निवारकाने वापरणाऱ्याला समजेल अशा भाषेत थोडक्यात कळवावे, संपूर्ण तपशील नोंद-फाइलीत लिहावा आणि शून्येतर संकेतांक देऊन संपावे. चळतीचा माग वापरणाऱ्यापुढे उघडा टाकणे गैरसोयीचे तर असतेच, शिवाय महाजालावरील सेवांच्या बाबतीत ते धोक्याचेही असते. त्यातून फाइलींची नावे व अंतर्गत रचना परक्याच्या हाती पडते. निवारकातील काम जितके कमी तितके बरे. स्मृती संपली म्हणून आलेल्या अपवादाचा संदेश सजविण्यासाठी पुन्हा स्मृती मागणारा निवारक स्वतःच अपवाद उत्पन्न करतो आणि मूळ कारण कायमचे झाकले जाते.

संकेतांकाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एखाद्या पतसंस्थेची व्याज-आकारणी रात्री आपोआप होते असे समजू. पहिली आज्ञावली खात्यांची फाइल तयार करते, दुसरी तीवरून व्याज काढते, तिसरी खातेदारांना संदेश पाठविते. पहिलीला निम्म्या वाटेत अपवाद आला. तिच्या निवारकाने तो झेलला, संदेशही लिहिला, पण संकेतांक ० दिला. रात्री दोन वाजता तो संदेश वाचण्यास कोणी नसते. पुढील आज्ञावल्या फक्त अंक पाहतात. तो शून्य असल्याने त्या अर्ध्याच फाइलीवर मुकाट्याने काम उरकतात आणि उरलेल्या खातेदारांना व्याजच मिळत नाही. निवारक मुळीच नसता, तर भाषेने स्वतःच शून्येतर अंक दिला असता व साखळी थांबली असती. म्हणजे अर्धवट निवारणापेक्षा अनिवारण परवडले असते.

सर्वच अपवाद दोष नसतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. कळफलकावरून काम थांबविण्याची आज्ञा किंवा आज्ञावलीने स्वतः केलेली समाप्तीची विनंती या गोष्टी पायथनमध्ये अपवादाच्याच रूपाने वर येतात. सर्वग्राही निवारक त्यांनाही गिळून टाकीत असल्यामुळे २००६ मध्ये आलेल्या २·५ या आवृत्तीत त्यांना सामान्य अपवादांच्या कुळातून वेगळे काढण्यात आले.

अनेक प्रवेशबिंदू : आज्ञावलीत एकाच वेळी अनेक धागे चालू असतील, तर प्रत्येक धाग्याला स्वतःची चळत व स्वतःचा प्रवेशबिंदू असतो, ‘मेन’मधील निवारकाला दुसऱ्या धाग्यातील अपवाद दिसतच नाही. जावामध्ये एक धागा मेला तरी बाकीचे चालू राहतात. बाहेरून जिवंत पण आतून अर्धमेली अशी ही आज्ञावली ओळखणे अवघड असते. सर्व धाग्यांसाठी एक सामाईक निवारक नेमण्याची सोय त्या भाषेत २००४ मध्ये झाली. एडामध्ये तर अपवादाने संपलेले कार्य कोणताही आवाज न करता नाहीसे होई. या धोरणाचे तोटे जाणवल्यामुळे मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये डॉटनेटच्या दुसऱ्या आवृत्तीत आणि नोड.जेएसच्या कर्त्यांनी २०२० मध्ये पंधराव्या आवृत्तीत मौन सोडून आज्ञावली थांबविण्याचे धोरण पत्करले. उलट महाजालावरील सेवकात प्रत्येक विनंती हा एक छोटा प्रवेशबिंदू मानतात; एका विनंतीतील अपवाद तेथेच झेलून ५०० हा संकेतांक धाडला जातो व इतरांची सेवा अबाधित राहते.

पुनरारंभ : एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग व त्यांचे सहकारी यांनी दूरध्वनी केंद्रांसाठी अर्लांग भाषा विकसित केली. तिच्यात आज्ञावली असंख्य लहान, परस्परांची स्मृती न वापरणाऱ्या प्रक्रियांची बनलेली असते. दोष आलेल्या प्रक्रियेने स्वतःला सावरू नये, खुशाल कोसळावे. तिच्यावर देखरेख करणारी वेगळी प्रक्रिया तिला नव्याने उभी करील, असे तिचे तत्त्व आहे. येथे शेवटचा निवारक कोसळणाऱ्याच्या बाहेर असतो, हे महत्त्वाचे. ठरावीक काळात ठरावीक संख्येपेक्षा अधिक पुनरारंभ झाले, तर देखरेख करणारी प्रक्रियाही संपते आणि प्रश्न तिच्या वरिष्ठाकडे जातो.

ही मर्यादा का लागते ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीला पाठविलेल्या एका नव्या विदा-फाइलीमुळे २० मूल्ये पुरविलेली असताना एकविसावे वाचण्याचा प्रयत्न झाला. ही आज्ञावली विंडोज प्रणालीच्या गाभ्यात चालत होती. गाभ्यातील अनिवारित अपवादानंतर स्मृतीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून प्रणाली हेतुपुरस्सर संपूर्ण संगणकच थांबविते. संगणक पुन्हा सुरू होई, आरंभीच तीच आज्ञावली तीच फाइल वाची आणि पुन्हा थांबे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक या फेऱ्यात सापडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. कंपनीने सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली होती, पण सुरूच न होणाऱ्या संगणकापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? अनेक ठिकाणी तंत्रज्ञांना संगणकामागून संगणक गाठून, तो मर्यादित अवस्थेत सुरू करून, ती फाइल हाताने पुसावी लागली.